मागच्या काचेचं लिंबू

आमची गाडी जुनी घेतलेली, पण तिच्या मागच्या काचेला वायपर होता. मालकांनी ती पसंत केली ती तेवढ्यासाठीच. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. गाडीचा रंग उडालेला होता, एक दार ओढून ओढून लावावं लागायचं, सीटचा फोम बाहेर आलेला. त्यांनी त्यातलं काही बघितलं नाही. सरळ मागं गेले, वायपर बोटानं उचलून पाहिला आणि विकणाऱ्याला म्हणाले, हा चालवून दाखव.

त्याला कारण त्यांची मान. लातूरकडच्या भूकंपात त्यांच्या घराचं माळवद खाली आलं, तेव्हा छताचं लाकूड मानेवर बसलं. हाड जुळलं, पण मान वळायची थांबली ती थांबलीच. समोरचं सगळं दिसतं. बाजूला बघायचं तर कमरेपासून वळावं लागतं. मागं बघायचं तर अख्खं फिरावं लागतं, आणि गाडीत बसल्यावर माणूस अख्खा फिरू शकत नाही. म्हणून गाडी मागं घेताना त्यांचा सगळा भरवसा आतल्या आरशावर आणि मागच्या काचेवर.

माझं लग्न भूकंपानंतर झालं. माझं माहेर कंधारकडचं. स्थळ घेऊन आलेला माणूस म्हणाला होता, मुलगा चांगला आहे, मान तेवढी वळत नाही. माझ्या भावानं विचारलं, म्हणजे ताठ आहे का? तो म्हणाला, मानच ताठ आहे, स्वभाव नाही. ते खरं निघालं.

मालकांना ढिगाऱ्यातून काढलं ते माझ्या सासूबाईंनी, हातानं माती उकरून. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या पहाटे काही कामानं अंगणात आल्या होत्या, तोंड रस्त्याकडे होतं, आणि पाठीमागं भिंत पडली. सासरे त्या भिंतीखाली गेले. आत्याबाई ही हकिगत फार वेळा सांगत नाहीत, पण सांगतात तेव्हा एकच गोष्ट परत परत सांगतात, की पुढचं सगळं दिसत होतं, मागून आलं ते दिसलं नाही. घरातही त्या भिंतीला पाठ लावूनच बसतात. जेवायला बसल्या तरी.

भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या घरात आम्ही काही वर्षं काढली. तिथं भिंती पक्क्या होत्या, पण काम नव्हतं. मग आम्ही लातूरला आलो. तेव्हा लातुरात क्लासेस सुरू झाले होते आणि गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायला येत होत्या. आमच्या गल्लीत घरोघरी खोल्या काढून मुलींना दिलेल्या. मी त्यांचे डबे करायला लागले. मालक गाडी शिकले, आणि मुलींना क्लासला सोडणं, आणणं, सणाला स्टँडवर पोचवणं हे त्यांचं काम झालं. मुलींच्या वडिलांना ते चालत, कारण ते हळू चालवतात आणि जाताना येताना समोर बघतात. एक बाप मला म्हणाला होता, तुमच्या मालकाची मान वळत न्हाई हे लई चांगलं हाय.

मी स्वतः चौथी शिकलेली. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, अजूनही. मुलींशी मात्र बोलते. वर्ष संपलं की त्या अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात, त्याच्यात दुपारी डबे गेल्यावर मी असं काहीबाही लिहिते. कुणाला दाखवत नाही.

आता लिंबाचं सांगते. गाडी घरी आली त्याच शनिवारी आत्याबाईंनी तारेत लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवला. सगळे लोक ते पुढं बांधतात. आत्याबाई गाडीच्या मागं गेल्या आणि वायपरच्या मुळाशी, जिथं तो काचेतून बाहेर येतो, तिथं तार गुंडाळली. मालक म्हणाले, आई, पुढं बांध की. त्या म्हणाल्या, पुढं तू हायस. मग दर शनिवारी जुनं लिंबू सोडून गल्लीच्या तोंडाशी टाकायचं आणि नवं बांधायचं, हे ठरून गेलं. ते बांधल्याशिवाय त्यांना रात्री झोप लागायची नाही. एकदा बाजारात लिंबं मिळाली नाहीत तर शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या सरबतातलं राहिलेलं अर्धं लिंबू मागून आणलं होतं.

आणि रविवारी सकाळी मालक तांब्याभर पाणी घेऊन गाडीमागं जायचे आणि वायपरच्या मुळावर ओतायचे. मला वाटायचं, धूळ काढतात. मी कधी विचारलं नाही.

श्रावणातली एक संध्याकाळ. झिमझिम चालली होती. आमची गल्ली एका बाजूनं बंद आहे, गाडी आत नीट येते, पण बाहेर काढायची तर मागं मागं घेतच काढावी लागते. मुली गाडीत बसल्या, मालकांनी बटण दाबलं, वायपर जरा थरथरला, काचेच्या मध्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मी दारात डबे पुसत उभी होते, मला दिसलं. काचेवर चिखल आणि पाणी एक झालेलं. त्यांनी गाडी मागं घेतली, अगदी हळू. तेवढ्यात देवणी गावची एक मुलगी सायकलवरून गल्लीत वळली.

तिला फार लागलं नाही. सायकलचं कॅरिअर वाकलं, गुडघा खरचटला. ती स्वतःच उठून म्हणाली, काका, काही झालं नाही. मालक खाली उतरले. त्यांनी तिची सायकल उचलली, भिंतीला लावली, मुलींना ऑटो करून दिला. घरात आले आणि गाडीची किल्ली देवाच्या कोनाड्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"आता बास," म्हणाले.

मला वाटलं, दोन दिवसांनी राग जाईल. पण तो राग नव्हता. वायपर दुरुस्त करून घेऊ म्हटलं तर म्हणाले, दुकानदार सांगतो, मागची मोटरच बदलावी लागेल, ती पुण्याहून येईल. मग म्हणाले, मानच दुखते. मुली ऑटोनं जायला लागल्या. ती देवणीची मुलगी रोज डबा घ्यायला आली की विचारायची, काका कधी येणार, आणि मालक घरात असले तरी उठून मागच्या मोरीकडे जायचे. दिवसभर ते माझ्याबरोबर भाजी चिरत बसत. चांगली चिरत. पण समोरच्या खिळ्याकडे बघायचे नाहीत, आणि त्यांना एवढ्याशा घरात दुसरीकडे बघायलाही अख्खं वळावं लागे. ढिगाऱ्यातून निघाल्यावर पहिल्यांदा जे काम त्यांचं स्वतःचं झालं होतं, ते हेच होतं. ते असं खिळ्याला लटकून राहिलं तर माणूस कशाला धरून राहील, ह्याची मला काळजी लागली.

आत्याबाईंनी त्यांच्या परीनं इलाज केला. म्हणाल्या, नजर मोठी हाय, लिंबू लहान पडलं. त्या शनिवारी त्यांनी दोन लिंबं बांधली.

मी भावाला फोन केला. तो आता नांदेडला राहतो. तो म्हणाला, इथं एक म्हातारे मिस्त्री आहेत, मोटर बदलत नाहीत, उघडतात, घेऊन ये. पण आणायचं कसं? मालक किल्लीला हात लावत नव्हते. तेव्हा मी आत्याबाईंना माहूरची आठवण करून दिली. रेणुकामातेला जायचं त्यांचं कधीचं राहिलं होतं. नांदेडवरूनच वाट. आईनं देवीला न्यायला सांगितल्यावर मालक नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि कोरडा दिवस असला तर पुढं चालवायला त्यांना भीती नव्हती. भीती होती ती गल्लीतून मागं निघण्याची.

त्या सकाळी मी गाडीच्या मागं उभी राहिले आणि या, या म्हणायला लागले. मालकांना ऐकूच येईना. काच खाली करून म्हणाले, जरा जोरात बोल. मला कुठलं जोरात येतंय. शेवटी मी डबा आणि त्याचं झाकण आणलं. वाजवत राहिले तर यायचं, थांबले तर थांबायचं. सगळ्या खिडक्यांतून मुली बघून राहिल्या. एक जण म्हणाली, काकू, आरती कुणाची चाललीय? मला घाम फुटला, पण झाकण वाजवत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मागं दोन लिंबं हलत होती.

अहमदपूर, लोहा करत आम्ही दुपारी नांदेडला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं मिस्त्रींच्या गॅरेजला नेलं आणि तो कामाला निघून गेला. गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि लिंबाच्या झाडाची सावली. कडुलिंबाच्या. कुठल्यातरी गाडीची काढलेली सीट भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर आत्याबाई आणि मी बसलो. आत्याबाईंनी पाठ भिंतीला लावून घेतली.

मिस्त्रींनी आधी लिंबं सोडली, तार नीट गुंडाळून आत्याबाईंच्या हातात आणून दिली. टाकली नाही. मग बटण दाबायला सांगून मागच्या दाराला कान लावला. आत मोटर गुरगुरत होती, वायपर जागचा हलत नव्हता.

"मोटर जिवंत हाय," ते म्हणाले. "तिचा हात कुणीतरी धरून ठेवलाय."

वायपरच्या मुळाशी टोपण असतं, ते काढलं, खालचा नट खोलला. तरी वायपर निघेना. त्यांनी मुळाशी रॉकेल सोडलं आणि चहा मागवला. चहा होईस्तोवर ते नांदेडच्या उन्हाविषयी बोलत राहिले. मग लाकडाचा तुकडा लावून हळू हळू ठोकलं, तेव्हा वायपर सुटला. दाराच्या आतलं कव्हर काढून त्यांनी मोटर बाहेर घेतली. मोटरमधून एक बोटाएवढा दांडा काचेच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याच्यावर वायपर फिरतो. तो दांडा गंजून त्याच्या नळीत बसला होता. वरचा थर हिरवा, खालचा तांबडा, जुन्या पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर होतो तसा.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मालकांना विचारलं, गाडी कोकणातली हाय का, खाऱ्या हवेतली?

"लातूरची," मालक म्हणाले.

"लातुरात प्यायला पाणी न्हाई भाई. गंजायला कुठून आणलं?"

मिस्त्री दांडा खरवडत होते. खरवडताना रबराच्या चकतीखालून काहीतरी निघालं आणि त्यांच्या तळहातावर पडलं. त्यांनी ते बघितलं. मग मालकांकडे बघितलं. मालकांनी कमरेतून वळून आईकडे बघितलं आणि परत वळले. तेवढ्यावरून मला सगळं समजलं. रविवारचा तांब्या समजला. पुण्याची मोटर समजली, दुखणारी मान समजली. त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

आत्याबाईंना लांबचं नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, काय निघालं?

"काय न्हाई आई," मालक म्हणाले. "खडा हाय."

मिस्त्रींनी मूठ मिटली. त्यांनीही ते चालवून घेतलं असतं. दांडा साफ होणार होता, आम्ही घरी जाणार होतो, आणि येत्या शनिवारी त्याच जागी नवं लिंबू येणार होतं. पुढचा पावसाळा येईस्तोवर वायपर परत अडकला असता. मला त्या मुलीचा गुडघा दिसत होता, आणि या वेळी ती तेवढ्यावर सुटली होती. परका पुरुष समोर, मालक समोर, सासू शेजारी. मी पदर हातात घट्ट धरला होता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "लिंबाची बी हाय."

आत्याबाईंनी हात पुढं केला. मिस्त्री उठून आले आणि ती वाळकी काळी बी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ.

"माझ्या लिंबाची?"

"हाव," मालक म्हणाले. "रस उतरत गेला. मी पाणी टाकून बघत होतो. पाण्यानं अजूनच बिघडलं."

"कधीपासून ठावं तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला झोप लागत न्हाई म्हणून."

आत्याबाई बी चिमटीत धरून बसल्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "माझी झोप गेली चुलीत. लोकाची पोर चाकाखाली आली असती ना रे."

मालक उकिडवे बसले होते, त्यांना मान खाली घालता येत नव्हती, म्हणून ते सरळ समोर, मोकळ्या केलेल्या भोकाकडे बघत राहिले.

मग मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन दांडा घासायला लागले आणि घासता घासता बोलले. त्यांची अम्मी त्यांच्या पहिल्या टेम्पोला तावीज बांधायची, तेही सायलेन्सरला, कारण आवाज तिथून येतो म्हणून तिला तिथली भीती. दर वेळी जळून जायचा, दर वेळी ती नवा आणायची. म्हणाले, मी काय करणार? जळाला की सांगायचो, अम्मी, बला टळली. आत्याबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड केलं.

"माय," मिस्त्री म्हणाले, "लिंबू पुढं बांधा. बंपर प्लास्टिकचा हाय, कितीबी रस पडू द्या."

"पुढचं ह्याला दिसतं," आत्याबाई म्हणाल्या. "मला भ्या मागचं हाय."

मिस्त्रींनी हातातलं काम थांबवलं. "मग मागचं बी ह्याला दिसू द्या की."

दांडा उजळला, नळीत ग्रीस भरलं, जुन्या ट्यूबची नवी चकती कापून बसवली. सगळं जागच्या जागी गेल्यावर मिस्त्रींनी काचेवर बादलीभर पाणी मारलं आणि मालकांना आत बसायला सांगितलं. वायपर उठला, गेला, परत आला. आत्याबाई सीटवरून उठून जवळ गेल्या आणि तो थांबेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

तिथून आम्ही माहूरला गेलो. डोंगरावर धुकं होतं. आत्याबाई देवीसमोर इतका वेळ पुटपुटत राहिल्या की मागची बाई वैतागली. पायऱ्या उतरताना, तांबुलाचा प्रसाद तोंडात असताना, मी विचारलं काय मागितलं. त्या म्हणाल्या, "मागितलं न्हाई. विचारलं. लिंबू न्हाई बांधलं तर चालंल का म्हून."

"मग काय म्हणाली?"

"ती कुठं बोलती. तुझ्यासारखीच हाय. बोलली तर एकदाच बोलंल."

मला ते किती दिवस पुरलं ते सांगता येत नाही.

लातूरला आल्यावर दोन दिवस किल्ली खिळ्यालाच होती. मग शनिवार आला. दुपारपासून आभाळ भरलं आणि मुलींच्या क्लासच्या वेळेला नेमका पाऊस धरला. ऑटोवाला आला नाही. देवणीची मुलगी दप्तर डोक्यावर घेऊन दारात येऊन उभी राहिली. विचारलं काहीच नाही. मालक भाजी ठेवून उठले, हात धुतले, किल्ली काढली.

मुली बसल्या. गाडी सुरू झाली, मागचा वायपर फिरायला लागला. मी डब्याचं झाकण घेऊन बाहेर आले होते, न जाणो. तर गाडीच्या मागं गल्लीच्या मधोमध आत्याबाई उभ्या. डोक्यावर पोतं, भिजलेल्या, आणि पाठ उघडी, मागं कुठली भिंत नाही. गाडी हळूहळू मागं आली आणि त्यांच्यापासून चांगली लांब थांबली. मालकांनी काच खाली केली.

"आई, बाजूला हो. दिसतीस मला."

"दिसते का?"

"हाव."

"सगळी दिसते का?"

"सगळी. हातातलं लिंबू बी दिसतंय."

तेव्हा मलाही दिसलं. शनिवारचं लिंबू त्यांच्या हातात होतं, अजून तारेत ओवलेलं नव्हतं. त्या भिंतीकडे सरकल्या. गाडी त्यांच्यासमोरून मागं मागं गेली, गल्लीच्या तोंडाशी वळली आणि गेली. वायपर वळणापर्यंत हलताना दिसत होता.

आत्याबाई आत आल्या, पोतं झटकलं, आणि लिंबू माझ्यापुढं पाटावर ठेवलं.

"कापून टाक," म्हणाल्या. "पोरींच्या डब्यात दे. रोज नुसतं वरण खाऊन राहिल्या त्या."